किल्ली सोडली की इंजिन बंद! जुन्या गाडीचा इग्निशन स्विच आतून कसा झिजतो

सेल्फ मारला की इंजिन पटकन पकडतं, आणि किल्लीवरचा हात सैल केला की त्याच क्षणी बंद. परत मारा, परत पकडतं, परत बंद. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांमध्ये ही तक्रार भयंकर कॉमन आहे, आणि तरी लोक सुरुवात करतात पेट्रोलपासून, मग कार्ब्युरेटर उघडतात, मग पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) घासतात, कंडेन्सर बदलतात, कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज बनवणारी) बदलतात, आणि किल्लीच्या मागे डॅशबोर्डात लपलेल्या त्या छोट्या डबीकडे सगळ्यात शेवटी बघतात. खरं तर लक्षणानेच पत्ता दिलेला असतो.

कसा ते बघा. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये कॉइलच्या आधी एक बॅलास्ट रेझिस्टर असतो. इंजिन चालू असताना कॉइलला करंट या रेझिस्टरमधून मिळतो, म्हणजे पूर्ण १२ व्होल्ट कॉइलपर्यंत पोचतच नाहीत, आणि कॉइलही तशीच कमी व्होल्टेजवर चालणारी बनवलेली असते. हा उद्योग कशासाठी, तर सेल्फ फिरत असताना बॅटरीवर इतका लोड येतो की तिचं व्होल्टेज १० च्या आसपास, थंडीत त्याहून खाली येतं, आणि ठिणगी तर नेमकी तेव्हाच जोरदार पाहिजे असते. म्हणून सेल्फ मारताना रेझिस्टरला बगल देऊन बॅटरीचा करंट थेट कॉइलला देणारा वेगळा रस्ता असतो. किल्ली सोडली की हा रस्ता बंद होतो आणि रेझिस्टरवाल्या रस्त्याने काम पुढे चालू राहायला पाहिजे. नाही राहिलं तर इंजिन बंद. म्हणजे संशयित उरले दोन, एक तर रेझिस्टर जळालाय किंवा स्विचमधला 'रन'चा, म्हणजे इंजिन चालू असताना किल्ली जिथे थांबते त्या जागेचा, कॉन्टॅक्ट गेलाय. मधली वायर धरली तर अडीच.

आता आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ, कारण इथे बराच वेळ आणि पैसा फुकट जातो. किल्ली जिथे घालतो ते कुलूप, म्हणजे लॉक बॅरल, हा सगळा यांत्रिक मामला आहे, आणि करंट वाहतो तो त्याच्या मागच्या इलेक्ट्रिकल स्विचमधून. काही गाड्यांमध्ये दोन्ही एकाच डबीत असतात, काहींमध्ये एकमेकांपासून लांब आणि मध्ये एक सळई. दोन्ही झिजतात पण कारणं पूर्ण वेगळी. किल्ली चालू गाडीतून हातात निघून येत असेल तर कुलूप गेलंय, आणि किल्ली जागची हलवली की डॅशवरचे दिवे मिचमिचत असतील तर बहुतेक स्विच. एक गेलं म्हणून दुसरं बदलून काही होणार नाही.

सुरुवातीच्या काळात किल्लीवर एवढी जबाबदारी नव्हतीच. चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, पण त्यानंतरही कित्येक वर्षं बहुतेक गाड्यांत किल्लीने फक्त इग्निशन चालू व्हायचं आणि सेल्फसाठी पायाखाली नाहीतर डॅशवर वेगळं बटण असायचं. किल्ली फिरवूनच सेल्फ मारायची सोय क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली. मग हीटरचा पंखा आला, इलेक्ट्रिक वायपर आले, रेडिओ आला, आणि हे सगळं त्याच एका स्विचच्या गळ्यात पडलं. पुढे जनरल मोटर्सने १९६९ च्या मॉडेल्सपासून कुलूप डॅशवरून उचलून स्टिअरिंग कॉलमवर नेलं, स्टिअरिंग लॉकसकट, कारण अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून चोरीविरोधी नियम लागू होणार होता. तेव्हापासून त्या गाड्यांत कुलूप वर आणि स्विच खाली कॉलमच्या अंगावर, मध्ये सळई. सळईचा मेळ थोडा चुकला की स्विच ठणठणीत असूनही अर्धवट जागी थांबतो, तिथे दोन स्क्रू ढिले करून स्विच थोडा पुढेमागे सरकवला तरी काम होतं, नवीन घ्यायची गरजच नसते.

बरं, आत नक्की काय झिजतं? जुना स्विच उघडला (पत्र्याचे तीन-चार कान हळूच वाकवले की उघडतो, स्प्रिंग उडून कोपऱ्यात जाते तेवढं सांभाळा) तर एक पितळी नाहीतर तांब्याची प्लेट दिसते, तिच्यावर दाबून काढलेले काही उंचवटे, खाली स्प्रिंग, आणि समोर बेकेलाइटमध्ये बसवलेल्या टर्मिनलच्या गोल मुंड्या. किल्ली फिरते तशी प्लेट फिरते आणि तिचे उंचवटे या मुंड्यांवर चढतात, उतरतात. बस, एवढंच यंत्र. मुंड्यांवर काळे डाग, मधोमध खड्डा, आणि सगळ्यावर पन्नास वर्षांपूर्वीच्या ग्रीसचा कडक झालेला तपकिरी थर.

इथे फिजिक्स मजेशीर आहे. दोन धातू एकमेकांवर टेकले की आपल्याला वाटतं पूर्ण पृष्ठभाग पृष्ठभागाला लागला, पण कितीही पॉलिश केलेला धातू सूक्ष्म पातळीवर उंचसखलच असतो, त्यामुळे खरा स्पर्श फक्त काही टोकांवर होतो आणि सगळ्या करंटला त्या मोजक्या टोकांमधून दाटीवाटीने जावं लागतं. या दाटीमुळेच रेझिस्टन्स तयार होतो. विसाव्या शतकात रॅग्नर होल्म नावाच्या शास्त्रज्ञाने यावर आयुष्यभर काम केलं, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्टचं शास्त्र बरंचसं त्याच्या कामावरच उभं आहे. त्यातून निघालेली एक गोष्ट पहिल्यांदा ऐकली की पटत नाही: खरा स्पर्श किती होणार हे कॉन्टॅक्ट दिसायला केवढा मोठा आहे यावर ठरत नाही, तर तो किती जोरात दाबला गेलाय आणि धातू किती मऊ आहे यावर ठरतं. दाब वाढला की टोकं चेपतात, नवीन टोकं स्पर्शात येतात, रेझिस्टन्स उतरतो. म्हणजे स्विचचा जीव कशात आहे तर त्या फुटकळ दिसणाऱ्या स्प्रिंगमध्ये.

आणि स्प्रिंगला मारते उष्णता. हिशोब करून बघू. इग्निशन कॉइल ३-४ अँपियर, हीटरचा पंखा, वायपर, ब्रेक लाइट, इंडिकेटर, मीटर असं सगळं चालू असेल तर स्विचमधून आरामात १५ ते २० अँपियर जातात. समजा झिजून कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स ०.१ ओहम झाला, ऐकायला काहीच नाही, पण २० अँपियरला तिथे २ व्होल्ट खाल्ले जातात आणि करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स म्हणजे ४० वॅट उष्णता तयार होते. ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न लोक कथील वितळवायला वापरतात, इथे तेवढी उष्णता बंद डबीत, प्लास्टिक आणि ग्रीसच्या मध्ये कोंडलेली. मग स्प्रिंग तापून ढिली पडते, दाब कमी होतो, रेझिस्टन्स वाढतो, अजून तापतं, तांब्यावर ऑक्साइड चढतं जे करंटला नीट जाऊ देत नाही, अजून रेझिस्टन्स. एकदा हे चक्र सुरू झालं की शेवटचा टप्पा झपाट्याने येतो, म्हणून मालकाला वाटतं की स्विच "अचानक" गेला. मागची लग (वायरी जोडायचा कनेक्टर) काढून बघितली तर तिचं प्लास्टिक तपकिरी झालेलं किंवा वितळलेलं सापडतं, आणि हो, कधीकधी दोष स्विचचा नसतोच, ती लगच ढिली होऊन तापत असते.

दुसरा शत्रू म्हणजे ठिणगी. होल्मनेच मांडलेली गोष्ट, दोन कॉन्टॅक्ट उघडताना त्यांच्यामध्ये आर्क (हवेतून सलग वाहणारी ठिणगी) पेटून राहायला एक किमान व्होल्टेज लागतं, चांदीला साधारण १२ आणि तांब्याला साधारण १३ व्होल्ट, करंट अर्धा अँपियरसुद्धा पुरतो. १२ व्होल्टची गाडी म्हणजे अगदी उंबरठ्यावरच उभी. पण गाडीतले लोड साध्या बल्बसारखे नसतात ना, सेल्फचा सोलेनॉइड (किल्लीच्या इशाऱ्यावर सेल्फचा मोठा करंट जोडणारा विद्युतचुंबक), पंख्याची मोटर, कॉइल ही सगळी तांब्याची वेटोळी, त्यांच्यातला करंट एकदम तोडला की ती उलट मोठं व्होल्टेज उसळवतात आणि आर्क पेटतो. एका बाजूचा धातू वितळून दुसऱ्या बाजूला जातो, इकडे खड्डा तिकडे टेकाड. सोलेनॉइड सुरुवातीला खेचताना क्षणभर बऱ्यापैकी मोठा करंट घेतो, त्यामुळे 'स्टार्ट'च्या मुंडीची अवस्था बघण्यासारखी असते. (सेल्फच्या मोटरचे शंभर-दोनशे अँपियर मात्र स्विचमधून जात नाहीत, ते बॅटरीतून जाड केबलने सोलेनॉइडमार्गे जातात, नाहीतर किल्लीच वितळली असती.)

झीज मोजायची कशी? मल्टिमीटर ओहमवर लावून स्विच तपासणारे खूप आहेत आणि तो हमखास चांगला दाखवतो, कारण मीटर रेझिस्टन्स मोजताना अगदी नगण्य करंट सोडतो, आणि लग काढून मोजताना स्विच थंडही असतो. शिवाय ०.१ आणि ०.० मधला फरक साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींच्या रेझिस्टन्समध्येच बुडून जातो. त्यापेक्षा स्विच जागेवर ठेवूनच, किल्ली 'रन'वर, पंखा, वायपर सगळं चालू, आणि मीटर डीसी व्होल्टवर लावून एक टोक स्विचच्या इनपुटला आणि दुसरं आउटपुटला. बॅटरीचं व्होल्टेज नाही मोजायचं, स्विच स्वतः किती व्होल्ट खातोय ते मोजायचं. ०.१ च्या आसपास असेल तर मजा आहे, ०.२ पर्यंत चालवून घ्या, अर्धा व्होल्ट दिसला तर स्विच शेवटच्या घटका मोजतोय. मोजताना किल्ली हलकेच इकडेतिकडे हलवा, आकडा नाचला तर अजून काही पुरावा नको. फक्त कॉइलला पॉइंट जोडलेले असताना इंजिन न चालवता किल्ली खूप वेळ 'रन'वर ठेवू नका, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापते.

मघाच्या हिशोबातल्या त्या दोन व्होल्टचा परिणाम चालवताना कसा जाणवतो तेही ऐका. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून असते. १२ ऐवजी १० व्होल्ट पोचले तर करंट उरतो सहातला पाच भाग, आणि ऊर्जा उरते ६९ टक्के. म्हणजे झिजलेल्या स्विचने ठिणगीतली जवळजवळ एकतृतीयांश ताकद खाल्ली, मग चढावर मिसफायर होतो आणि दोष कार्ब्युरेटरला लागतो.

कुलपाकडे येऊ. आत पितळी पात्यांची रांग असते, प्रत्येक पात्याला स्प्रिंग, योग्य किल्ली गेली की सगळी पाती एका पातळीत येतात आणि बॅरल फिरतं. वर्षानुवर्षं घासून किल्लीचे दात बोथट होतात आणि पातीही. बऱ्याच लोकांचा घोळ इथे होतो की झिजलेल्या किल्लीवरूनच दुसरी किल्ली बनवून आणतात, आणि ती झीजही इमानेइतबारे कॉपी होऊन येते. मूळ कोडवरून कापलेली किल्ली घ्यायला पाहिजे, आणि जुन्या गाड्यांमध्ये कोड मिळणं अवघड नसतं, ब्रिटिश गाड्यांच्या एफएस मालिकेतल्या किल्ल्यांचा नंबर तर कित्येकदा कुलपाच्या तोंडावरच ठोकलेला असतो. चोराची काय सोय! नवीन कापलेल्या किल्लीने कुलूप नीट चालायला लागलं तर बॅरलला हात लावू नका. आणि कुलपात ग्रॅफाइट पावडर घालायचा जुना सल्ला जपून वापरा, ग्रॅफाइटमधून करंट जातो, कुलूप-स्विच एकाच डबीत असेल तर ती पावडर मागे उतरून नको तिथे रस्ता करू शकते.

किल्ली एका जागी थांबावी म्हणून आत एक खटका असतो, स्प्रिंगने दाबलेली गोळी किंवा खुंटी जी खाचेत बसते. हा किती महत्त्वाचा आहे ते जगाला कळलं २०१४ मध्ये, आणि तेही क्लासिक गाड्यांमुळे नाही. जनरल मोटर्सने शेवरोले कोबाल्ट आणि तिच्या भावंडांच्या सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण खटक्याची स्प्रिंग कमजोर होती. किल्ली फिरवायला निदान १५ न्यूटन-सेंटिमीटर जोर लागायला हवा असं डिझाइन होतं, प्रत्यक्षात बऱ्याच स्विचना त्याहून कमी लागायचा, मग जड जुडगा किंवा गुडघ्याचा धक्का लागून चालत्या गाडीत किल्ली 'रन'वरून घसरायची, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि एअरबॅगही बंद. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. आता हिशोब करा, २०० ग्रॅमचा जुडगा म्हणजे साधारण २ न्यूटन, किल्लीच्या मध्यापासून दीड सेंटिमीटरवर लटकला तर ३ न्यूटन-सेंटिमीटर, आणि खड्ड्यात गाडी आपटली की त्याच्या काही पट. नव्या खटक्याला हे झेपतं, झिजलेल्याला नाही. जुन्या गाडीच्या किल्लीला घराच्या किल्ल्या, बाटली उघडायचा ओपनर आणि पितळी देव लटकवू नका, एवढंच.

बदलायचं ठरलंच तर सगळ्यात आधी बॅटरीची अर्थची केबल काढा. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, एमजीबी १९६७ च्या अखेरीपर्यंत तशीच होती, त्यामुळे "निगेटिव्ह आधी काढा" हे पाठांतर तिथे उलटं पडतं. बॉडीला जी केबल जोडलीय ती आधी, कारण मग पाना चुकून बॉडीला टेकला तरी सर्किट पूर्ण होत नाही. हे न करता स्विचच्या मागे हात घालणं म्हणजे वेडेपणा आहे, स्विचला येणारी मुख्य वायर बऱ्याच गाड्यांत फ्यूजशिवाय थेट बॅटरीवरून येते, ती बॉडीला लागली तर तारांचा धूर निघतो.

मग फोटो काढा, प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा. रंगांवर भरवसा ठेवा पण डोळे मिटून नको, पन्नास वर्षांत कोणी काय जोडाजोड केली असेल देव जाणे. लुकासच्या (ब्रिटिश गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बनवणारी कंपनी) वायरिंगमध्ये तपकिरी म्हणजे कायम चालू, पांढरी म्हणजे इग्निशनसोबत चालू, पांढऱ्यावर लाल रेघ म्हणजे सेल्फ. जर्मन गाड्यांवर डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकाचे आकडे असतात, ३० बॅटरी, १५ इग्निशन, ५० सेल्फ.

डॅशवरच्या बऱ्याच अमेरिकन कुलपांच्या तोंडावर सुईएवढं भोक असतं. किल्ली 'अ‍ॅक्सेसरी'वर न्यायची, भोकात सरळ केलेली पेपरक्लिप दाबायची, किल्ली अजून थोडी डावीकडे फिरवायची आणि बॅरल हातात येतं, त्यासाठी कुलपाची किल्ली मात्र पाहिजे. त्यानंतर समोरची चकती सोडवली की स्विच डॅशच्या मागून खाली येतो. स्टिअरिंग लॉकवाल्या गाड्यांमध्ये काम वाढतं, तिथले बोल्ट मुद्दाम असे असतात की घट्ट करताना डोकंच तुटून पडतं, चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. ते छिन्नीने हळूहळू ठोकत उलटं फिरवायचे नाहीतर मधोमध ड्रिल करून एक्स्ट्रॅक्टर घालायचा, दोन्हीत संयम लागतो. आणि हे काम झाल्यावर गाडी जागेवर उभी असताना प्रत्येक पोझिशनला स्टिअरिंग पूर्ण दोन्हीकडे फिरवून बघा, किल्ली 'रन'वर असताना लॉकची खुंटी जरासुद्धा पुढे येता कामा नये.

नवीन स्विच म्हणून जे मिळतं त्यात काही अगदी हलके असतात, पातळ पत्रा, मऊ स्प्रिंग. जुना स्विच फार जळालेला नसेल तर मला तरी तोच उघडून, मुंड्या बारीक पॉलिश पेपरने साफ करून, स्प्रिंग बदलून परत बसवणं जास्त पटतं. पण बेकेलाइट काळं पडून त्यावर कोळशाचा मार्ग उमटला असेल तर तो फेकाच, कार्बनमधून करंट झिरपतो आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

एवढं करताय तर लोडही कमी करून टाका. पंखा, हॉर्न, ब्रेक लाइट अशी जड मंडळी रिलेवर (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) टाकली की स्विचला फक्त रिलेची कॉइल चालवायची असते, ८०-९० ओहमची, म्हणजे जेमतेम ०.१५ अँपियर. २० अँपियरचं ओझं असं उतरलं की स्विच म्हातारा असला तरी वर्षानुवर्षं चालतो. रिलेच्या पिनांवर आकडे असतात: ८५ आणि ८६ ला रिलेची कॉइल, ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला लोड.

इग्निशन रिलेवर टाकलं तर मात्र एक गंमत होते: किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहतं! इंजिन फिरतंय म्हणून अल्टरनेटर करंट बनवतोय, आणि तो करंट चार्जिंगच्या लाल दिव्यातून उलटा येऊन इग्निशनच्या वायरीत शिरतो. २.२ वॅटचा तो दिवा ०.१८ अँपियरपर्यंत जाऊ देतो, आणि एकदा ओढलेला रिले धरून ठेवायला तर त्याहून कमी पुरतो. उपाय सोपा आहे, दिव्याच्या वायरीत १एन४००१ सारखा एक साधा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), निगेटिव्ह अर्थच्या गाडीत त्याच्यावरच्या पट्ट्याची बाजू अल्टरनेटरकडे. लावल्यावर किल्ली 'रन'वर नेऊन सेल्फ न मारता बघा, लाल दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर डायोड उलटा बसलाय.